एकाच विमानाचे पडद्यावर दोन ठिपके: रडार आणि एडीएस-बी यांच्या स्थानांत पुन्हा पुन्हा पडणाऱ्या फरकाचे निदान

हवाई वाहतूक नियंत्रणाच्या यंत्रणा सांभाळणाऱ्यांकडे एक तक्रार वारंवार येते. पडद्यावर एकाच विमानाचे दोन ट्रॅक उमटतात. दोन्हींचे कॉल साइन तेच, ट्रान्सपाँडरचा (रडारला उत्तर देणाऱ्या विमानातल्या उपकरणाचा) कोड तोच, उंची तीच, पण ठिपक्यांमध्ये अर्ध्या-पाऊण सागरी मैलाचे अंतर असते. काही मिनिटांनी दोन्ही ट्रॅक एकमेकांत मिसळतात आणि तासाभराने त्याच परिसरात दुसऱ्या विमानाच्या बाबतीत तोच प्रकार घडतो. कधी कधी तर एकाच विमानाच्या या दोन प्रतिमा एकमेकींवर आदळणार असे समजून टक्करीचा इशारा वाजू लागतो. नियंत्रक लॉगबुकात नोंद करतो, देखभाल विभाग सर्व्हर रीस्टार्ट करतो, दोन-चार दिवस बरे जातात आणि तक्रार परत येते.

ती परत येते, कारण बहुतेक वेळा उपाय लक्षणावर झालेला असतो. रडारची आणि एडीएस-बीची (विमानाने उपग्रहांवरून काढून स्वतःच प्रक्षेपित केलेल्या स्थानाची) माहिती एकत्र करणाऱ्या ट्रॅकरमध्ये प्रत्येक नव्या नोंदीसाठी एक स्वीकारमर्यादा ठरवलेली असते. तिला सगळे गेट म्हणतात. नोंद गेटच्या आत पडली तर ती चालू ट्रॅकला जोडली जाते, बाहेर पडली तर नवा ट्रॅक सुरू होतो. गेट रुंद केले की दुसरा ठिपका नाहीसा होतो, हे खरे आहे. परंतु चुकीचे स्थान त्यामुळे नाहीसे होत नाही, ते बरोबर स्थानात मिसळले जाते, आणि उरलेला एकच ठिपका खऱ्या जागेपासून किती दूर आहे हे कळण्याची खूणच पुसली जाते. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमांनुसार सर्व्हेलन्सच्या आधारे दोन विमानांत ठेवायचे आडवे अंतर सर्वसाधारणपणे 5 सागरी मैल असते, आणि यंत्रणेची क्षमता सिद्ध झालेली असेल तेथे ते 3 सागरी मैलांपर्यंत आणता येते. पडद्यावरची स्थाने खरी आहेत, या गृहीतकावर हे आकडे उभे आहेत. त्यातून पाऊण मैल नियंत्रकाच्या नकळत वजा होणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य होण्यासारखे वाटत नाही. म्हणून गेटला शेवटपर्यंत हात लावू नये आणि आधी फरकाची दिशा पाहावी. फरक किती पडतो यापेक्षा तो कोणत्या दिशेने पडतो, यावरून दोषाचे मूळ फार लवकर हाती लागते.

कच्ची नोंद मिळवा

ट्रॅकरमधून बाहेर पडलेली माहिती निदानासाठी निरुपयोगी असते, कारण तिच्यात मिश्रण आधीच झालेले असते. नोंद ट्रॅकरच्या अलीकडची हवी: रडारच्या नोंदींसाठी ॲस्टेरिक्स या प्रमाणित संदेशपद्धतीतला 048 हा प्रकार, अँटेना उत्तर दिशेवरून गेल्याच्या खुणेच्या आणि रडारच्या स्थितीच्या संदेशांसाठी 034, एडीएस-बीसाठी 021. ट्रॅकरचे स्वतःचे 062 सोबत ठेवावे, पण केवळ तुलनेसाठी. नोंद किमान पूर्ण चोवीस तासांची असावी, म्हणजे वर्दळीची वेळ आणि रात्रीची वेळ दोन्ही तिच्यात येतात.

तुलनेसाठी विमाने निवडताना एडीएस-बी संदेशातले गुणवत्तेचे निर्देशांक पाहावेत. एनएसीपी (स्थानाच्या अचूकतेचा निर्देशांक) 8 किंवा त्याहून अधिक असेल तर स्थान 95 टक्के वेळा 92.6 मीटरच्या आत आहे असा विमानाचा दावा असतो. एनआयसी (स्थानाच्या खात्रीचा निर्देशांक) 7 किंवा अधिक असेल तर चुकीची खात्रीलायक कमाल मर्यादा 0.2 सागरी मैलाच्या आत असते. एवढी गुणवत्ता असलेली, सरळ आणि समतल उडणारी विमानेच घ्यावीत, आणि ती रडारच्या सर्व दिशांना पसरलेली असावीत. एकाच हवाई मार्गावरची शंभर विमाने घेण्यापेक्षा आठ दिशांची पंचवीस विमाने कितीतरी जास्त सांगून जातात.

एडीएस-बीचे स्थान साधारण अर्ध्या सेकंदाला एकदा येते, तर रडारची नोंद अँटेनाच्या फेरीनुसार चार-पाच किंवा दहा-बारा सेकंदांनी. त्यामुळे रडारच्या नोंदीच्या नेमक्या क्षणी एडीएस-बीचे स्थान काय होते हे सहज काढता येते. ते अक्षांश-रेखांश रडारच्या जागेवरून दिसणाऱ्या तिरप्या अंतरात (रडारपासून विमानापर्यंतच्या सरळ रेषेत) आणि दिगंशात (उत्तरेपासून मोजलेल्या कोनात) बदलावे आणि मग वजाबाकी करावी. अनेक जण उलट करतात, रडारचे स्थान नकाशावर नेतात. तसे केल्यास उंचीची चूक अंतराच्या चुकीत मिसळते आणि नंतर ती वेगळी काढता येत नाही. मिळालेले दोन फरक, म्हणजे अंतरातला आणि दिगंशातला, चार वेगवेगळ्या आलेखांवर मांडावेत: अंतराच्या तुलनेत, दिगंशाच्या तुलनेत, दिवसाच्या वेळेच्या तुलनेत आणि विमानाच्या उड्डाणदिशेच्या तुलनेत.

फरक रडारच्या रेषेला आडवा पडत असेल

वारंवार उद्भवणाऱ्या दोषांपैकी सर्वांत मोठे फरक मी दिगंशाच्या दोषातून येताना पाहिले आहेत, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही याच दोषाकडे होते, कारण रडारजवळ तो दिसतच नाही. कोनातली चूक तीच राहते, पण मीटरमधली चूक अंतराबरोबर वाढत जाते.

अंतरे डोळ्यांसमोर यावीत म्हणून आपल्याकडचा भूगोल घेऊ. तिथल्या प्रत्यक्ष रडारांविषयी यात कोणतेही विधान नाही. बुलढाण्याच्या आकाशात 35,000 फुटांवर एक विमान आहे. मुंबईपासून ते सुमारे 205 सागरी मैलांवर आणि नागपूरपासून सुमारे 165 सागरी मैलांवर आहे. दोन्ही ठिकाणच्या रडारांची उत्तर दिशा केवळ 0.1 अंशाने चुकलेली आहे, आणि तीही अशी की दोन्हींचे ठिपके एकाच बाजूला, समजा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, सरकतात. मुंबईहून पाहताना विमान पूर्वेला थोडे उत्तरेकडे असल्यामुळे ते साधारण 660 मीटर दक्षिणेला सरकलेले दिसेल. नागपूरहून ते पश्चिमेला असल्यामुळे तीच चूक त्याला सुमारे 530 मीटर उत्तरेला नेईल. दोन रडारांच्या ठिपक्यांत जवळजवळ 1,200 मीटर, म्हणजे सुमारे 0.65 सागरी मैलाचे अंतर पडले, आणि प्रत्येक रडारचा अभियंता आपापल्या जागी 'फक्त एक दशांश अंश' म्हणून निश्चिंत राहील. मधल्या पट्ट्यातच दुहेरी ट्रॅक का दिसतात, याचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते.

दिगंशाचा फरक सर्व दिशांना सारखाच असेल तर उत्तर दिशेची जुळणी सरकली आहे. ती सॉफ्टवेअरमधला एक आकडा बदलून दुरुस्त करता येते, आणि नेमके इथेच पुनरावृत्तीचे बीज असते. आकडा बदलण्यापूर्वी एन्कोडरची (अँटेनाचा कोन मोजणाऱ्या उपकरणाची) यांत्रिक जोडणी तपासलीच पाहिजे. जोडणी सैल असेल तर आज घातलेली दुरुस्ती महिन्याभराने स्वतःच दोष बनते, कारण जोडणी तोवर पुन्हा सरकलेली असते. लॉगबुकात उत्तर दिशेची दुरुस्ती वर्षातून दोन-तीनदा झालेली दिसली तर पुढचा आकडा घालणे थांबवावे आणि अँटेनाच्या पायथ्याशी जावे.

फरक उत्तरेपासून सुरू होऊन फेरीच्या शेवटापर्यंत वाढत जातो आणि पुन्हा उत्तरेला शून्यावर येतो, असे दिसले तर एन्कोडरच्या स्पंदनांपैकी काही वाटेत गळत आहेत. एका फेरीत 16,384 स्पंदने देणाऱ्या एन्कोडरमध्ये एक स्पंदन म्हणजे 0.022 अंश, प्रत्येक फेरीत दहा स्पंदने गळाली तर फेरीच्या शेवटी चूक 0.22 अंश होते, आणि 100 सागरी मैलांवर ती 700 मीटरहून जास्त असते. केबल, कनेक्टर आणि अर्थिंग तपासावे. हा दोष पावसाळ्यात येऊन हिवाळ्यात जात असेल तर कनेक्टरमधल्या ओलाव्यापासून सुरुवात करावी. फरक फेरीत एकदा वर आणि एकदा खाली जात असेल तर दोन शक्यता असतात. कोनातला फरक अंतरानुसार बदलत नसेल तर एन्कोडर अक्षापासून सरकलेला आहे. अंतर वाढताना कोनातला फरक कमी होत असेल आणि नकाशावर सर्व विमाने एकाच दिशेला सारखीच सरकलेली दिसत असतील, तर रडारच्या जागेचे अक्षांश-रेखांश चुकीचे भरले गेले आहेत. जुन्या जागांच्या बाबतीत हे अजूनही घडते: आयकाओने 1 जानेवारी 1998 पासून अक्षांश-रेखांशांसाठी डब्ल्यूजीएस-84 ही जागतिक पद्धत लागू केली, पण भारतीय सर्वेक्षणाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभ या पृथ्वीच्या आकाराच्या वेगळ्या प्रतिमानावर आधारित होते, आणि एखाद्या कागदावरचा जुना आकडा नव्या प्रणालीत तसाच उतरवला गेला तर सर्व नोंदी एकगठ्ठा सरकतात.

इथे पॅरटविषयी सांगणे आवश्यक आहे. मोजलेल्या जागी कायम बसवलेल्या या चाचणी ट्रान्सपाँडरचे वाचन बरोबर आले की रडार बरोबर आहे, असे धरून चालण्याची सवय पडलेली असते. पॅरट एकाच दिशेला असतो आणि बहुधा जवळ असतो. उत्तर दिशा स्थिर आहे की नाही एवढे तो चांगले सांगतो; स्पंदने गळत आहेत का, एन्कोडर अक्षावर आहे का, जागेचे अक्षांश-रेखांश बरोबर आहेत का, यांपैकी काहीही तो एकटा सांगू शकत नाही.

फरक रडारच्या रेषेत पडत असेल

सर्व विमाने रडारपासून ठरावीक अंतराने दूर किंवा जवळ सरकलेली दिसत असतील तर अंतरमापनात स्थिर दोष आहे, आणि तो शोधणे सोपे असते. रडार 1030 मेगाहर्ट्झवर विचारणा करते, विमान 1090 वर उत्तर देते, आणि एका मायक्रोसेकंदाची चूक 150 मीटर होते. जुन्या मोड ए (कोड) आणि सी (उंची) उत्तरांसाठी ट्रान्सपाँडरचा विलंब 3 मायक्रोसेकंद ठरलेला असून त्यात अर्ध्या मायक्रोसेकंदाची सूट आहे, म्हणजे एखाद्या विमानात 75 मीटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. प्रत्येक विमानाला त्याच्या पत्त्याने विचारणाऱ्या मोड एसचा विलंब 128 मायक्रोसेकंद, सूट पाव मायक्रोसेकंद. म्हणून एकाच विमानाचा लहान फरक सोडून द्यावा. सगळ्यांचा सारखा फरक मात्र रडारचाच असतो.

फरक फक्त रडारजवळ आणि फक्त उंचावरच्या विमानांत दिसत असेल तर तिरप्या अंतराकडे पाहावे. 36,000 फूट म्हणजे 5.9 सागरी मैल; जमिनीवरून 10 मैल दूर असलेल्या विमानाचे तिरपे अंतर 11.6 मैल भरते. उंचीची माहिती एखाद्या फेरीत गळाली आणि प्रणालीने ठरावीक उंची गृहीत धरली, तर ठिपका एकदम दीड मैल सरकू शकतो. उंची मिळत असतानाही एक सूक्ष्म फरक उरतो: ट्रान्सपाँडर दाबावरून काढलेली उंची सांगतो, आणि आपल्याकडच्या उष्ण हवेत विमान प्रत्यक्षात त्याहून हजार-दीड हजार फूट उंच असू शकते. दीड हजार फुटांचा फरक 10 मैलांवर सुमारे 270 मीटरची चूक देतो, 60 मैलांवर पन्नास मीटरपेक्षाही कमी. एडीएस-बीच्या वेगसंदेशात दाब-उंची आणि भूमितीय उंची यांतला फरक येतो. तो वापरून ही चूक वजा करता येते, आणि ती वजा केल्याशिवाय जवळच्या नोंदींवरून रडारला दोष देऊ नये.

फरक विमानाच्या वाटचालीच्या दिशेने पडत असेल

हा वेळेचा दोष असतो. 480 नॉट वेगाचे विमान सेकंदाला सुमारे 247 मीटर जाते, त्यामुळे दोन यंत्रणांच्या घड्याळांत एका सेकंदाचा फरक पडला तरी ठिपके पाव किलोमीटर लांब जातात. ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे रडारवरून सरळ जाणाऱ्या एकाच मार्गावर विरुद्ध दिशांनी उडणारी दोन विमाने घेणे. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाचा रडार-ठिपका एडीएस-बीच्या मागे आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याचाही मागेच असेल, तर दोष वेळेत आहे. दोन्ही विमानांत तो ठिपका रडारपासून दूरच्या बाजूला असेल, तर दोष अंतरमापनात आहे. ही एक तपासणी केली तर पुष्कळ वाद मिटतात.

रीस्टार्ट केल्यावर बरी होणारी आणि दिवसागणिक वाढत जाणारी तक्रार बहुधा याच जातीची असते. सुरू होताना घड्याळ मुख्य वेळेशी जुळते, पुढे एनटीपीचा (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेचा) संपर्क तुटलेला असल्यामुळे ते स्वतःच्या गतीने सरकत जाते, आणि संपर्क तुटल्याचा इशारा कोणी पाहत नसलेल्या पानावर पडून राहतो. म्हणून रीस्टार्ट करण्यापूर्वी प्रत्येक घड्याळाचा यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक लिहून ठेवावा. रीस्टार्टनंतर तो पुरावा पुसला जातो. फरक नेमका 18 सेकंदांचा, म्हणजे वेगवान विमानात जवळजवळ साडेचार किलोमीटरचा दिसला, तर कुठेतरी जीपीएसची वेळ यूटीसी म्हणून वापरली जात आहे. 1 जानेवारी 2017 पासून त्या दोन वेळांतले अंतर 18 सेकंदच आहे.

लहान, अर्ध्या सेकंदाच्या आसपासचे फरक एडीएस-बीच्या बाजूनेही येतात. विमानात स्थान मोजले जाण्याच्या आणि ते प्रक्षेपित होण्याच्या मधला भरून न काढलेला विलंब 0.6 सेकंदांपर्यंत मान्य आहे, आणि संदेश जमिनीवर मिळाल्याची वेळ ही स्थान मोजल्याची वेळ नसते. ट्रॅकर यांपैकी कोणती वेळ वापरतो, हे मांडणीच्या फाइलमध्ये एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे.

रडार ठीक, एडीएस-बी चुकत असेल

एकच विमान, कुठल्याही रडारखाली, कुठल्याही दिवशी चुकत असेल तर दोष त्या विमानात आहे. विमानाचा 24 बिटांचा पत्ता (ट्रान्सपाँडर पाठवतो तो त्या विमानाचा स्वतंत्र क्रमांक) टिपून ते विमान चालवणाऱ्या कंपनीला नियामकामार्फत कळवावे. भारतात नोंदलेल्या विमानांचे पत्ते षोडशमान पद्धतीत 80 ते 83 या आकड्यांनी सुरू होतात. नोंदणी भारतातली आणि पत्ता भलताच असेल, किंवा दोन विमाने एकच पत्ता देत असतील, तर ट्रॅक एका विमानावरून दुसऱ्यावर उड्या मारतो आणि दोष उगाच ट्रॅकरवर येतो.

एका भागातली अनेक विमाने एकाच वेळी चुकू लागली तर उपग्रह-संकेतांतला व्यत्यय धरून चालावे. संकेत दाबले जात असतील तर एनआयसी आणि एनएसीपी धडाधड खाली येतात, त्यामुळे ट्रॅकर त्या नोंदी आपोआप बाजूला ठेवतो. बनावट संकेत पाठवले जात असतील तर मात्र हे निर्देशांक उत्तम राहूनही स्थान खोटे असू शकते, आणि ही अवस्था अधिक घातक आहे. नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात अशा व्यत्ययाच्या 465 घटना, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू भागांत, नोंदल्या गेल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले होते. त्यामुळे आपल्या केंद्रात असे होणार नाही असे धरणे आता योग्य नाही. त्यातली एक गुंतागुंत लक्षात ठेवावी: काही ट्रॅकर रडारचा दोष एडीएस-बीशी तुलना करून स्वतःच मोजतात आणि सुधारतात. एडीएस-बीच खोटे असताना हे स्वयंचलित सुधारणेचे काम चालू राहिले, तर निर्दोष रडारही बिघडते. तसेच जमिनीवरच्या केंद्रांची घड्याळे बहुधा जीपीएसवरच जुळलेली असतात. व्यत्ययाच्या काळात स्वयंचलित सुधारणा गोठवावी, आणि स्थानाची पडताळणी उपग्रहांवर अवलंबून नसलेल्या मापनाशी करावी, म्हणजे रडारशी, किंवा अनेक केंद्रांत संदेश पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून काढलेल्या स्थानाशी. मात्र त्या केंद्रांची वेळ सुरक्षित आहे याची खात्री आधी करून घ्यावी.

दुरुस्ती होईपर्यंत, आणि झाल्यावर

निदान चालू असताना वाहतूक थांबत नाही. म्हणून संशयित यंत्रणा त्या परिसरापुरती मिश्रणातून वगळावी, मागे उरलेल्या यंत्रणांची व्याप्ती पुरेशी आहे का ते आधी पाहावे, आणि ड्यूटीवरच्या वॉच सुपरवायझरला लेखी कळवावे. अंतर वाढवायचे की नाही हा निर्णय नियंत्रकांचा आहे, पण 'दोन ठिपके दिसले तरी चालवून घ्या' असे तोंडी सांगून त्यांच्यावर तो ढकलू नये. कोणता ठिपका खरा, हे त्यांना कळण्याचा मार्ग नसतो.

दुरुस्तीनंतर तीच मोजणी, त्याच दिशांच्या विमानांवर पुन्हा करावी आणि आधीचे व नंतरचे आलेख एकाच कागदावर ठेवावेत. त्यानंतरच गेटकडे वळावे, आणि तेही ते पूर्वी कधी रुंद केले गेले होते का हे पाहण्यासाठी. तसे झाले असेल तर ते मूळ मूल्यावर आणावे आणि दुहेरी ट्रॅक परत येतात का हे आठवडाभर पाहावे. अँटेनाच्या यांत्रिक कामानंतर, एन्कोडर बदलल्यावर, सॉफ्टवेअरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर आणि वेळेच्या सर्व्हरला हात लावल्यावर ही मोजणी सक्तीची करावी. दुरुस्तीच्या नोंदीत घातलेल्या प्रत्येक आकड्यासोबत तो कोणत्या मोजणीवरून आला आणि यांत्रिक तपासणी झाली होती की नाही, हे दोन्ही लिहिलेले असावे.